दोन्ही मनगटं

शारजातल्या आमच्या इमर्जन्सी विभागात सकाळी सातला रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे डॉक्टर एकत्र उभे राहतात आणि रात्रीचे पेशंट दिवसाच्या लोकांच्या हाती सोपवले जातात. डॉ. पास्कल लोपीस नऊ वर्षांत या हँडओव्हरला एकदाही उशिरा आले नव्हते. पावणेसातला लिफ्ट उघडायची आणि करक चहाचा कागदी कप दोन्ही तळव्यांत धरून सर बाहेर पडायचे. त्या सोमवारी सात वाजून दहा मिनिटं झाली तरी लिफ्टमधून सर आले नाहीत. ज्युनिअर मुलं एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. मी फोन केला, नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. मग त्यांच्या बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, फोन लावला. तो वर गेला, बेल वाजवून खाली आला, किल्ली घेऊन पुन्हा वर गेला. म्हणाला, "मॅडम, फोन चालू रखिए." मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता, मग दार उघडल्याचा, मग आत चालू असलेल्या टीव्हीचा... आणि मग तो काही बोलेचना. इतकी वर्षं याच कामात काढल्यावर एवढ्या शांततेत सगळं कळतं. तरी मी वेड्यासारखी त्याला विचारत होते, "हाथ लगाके देखो ना, गरम है क्या?" तो म्हणाला, "ठंडा है, मॅडम."

त्याला आता पाच आठवडे झाले. सरांवर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नंतर लिहायला बसले आणि उठले, असं तीनदा झालं. सरांबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत, त्यांनी शिकवलेला कुठलाही डॉक्टर चार पानं सहज भरेल. मला मात्र एका गुरुवारी दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येईना. ते सांगणारच आहे. पण आधी सर कोण होते ते सांगायला हवं.

सर वसईचे, केळीच्या वाडीतले. एकोणिसाव्या वर्षी मामाच्या मागोमाग अमेरिकेला गेले आणि तिथे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर झाले. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत, त्यातला हा दुसरा. औषधं तीच, इंजेक्शनं तीच, ऑपरेशनंही तीच. फक्त यांना त्याखेरीज हातानं तपासायला फार बारकाईनं शिकवतात. बरगडी, मणका, स्नायू, नाडी हे सगळं बोटांनी वाचायचं. आपल्याकडे हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे हाडवैद्य का? आम्ही रेसिडेंट मंडळी पाठीमागे त्यांना तेच म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा रागावायच्या ऐवजी त्यांनी स्वतःच्या लॉकरवर मराठीत चिठ्ठी चिकटवली, 'लोपीस हाडवैद्य, वसईवाले'. अरबी नर्सेसना ती काही वाचता येत नव्हती, पण ती चिठ्ठी कुणी काढू दिली नाही. बायको रीटा गेल्यावर, एकसष्टाव्या वर्षी ते इथे आले. शारजातल्या आमच्या हॉस्पिटलला इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू करायची होती, म्हणजे तरुण डॉक्टरांना चार वर्षं कामाला जुंपून तयार करायचं होतं, आणि तसं शिकवणारा माणूस हवा होता. मुलगी लीना अमेरिकेतच राहिली. "इथून वसई तीन तास, लीना चौदा तास," सर म्हणायचे, "दोन्हीकडे कधीही जाता येतं, बाय. म्हणून कुठेच जाणं होत नाही." हे ते विनोदासारखं सांगायचे आणि आम्हीही हसायचो.

मला ते बाय म्हणायचे, बाकीच्यांना डॉक्टर. मी त्यांच्या पहिल्याच तुकडीत होते आणि सगळ्यांत म्हातारी होते, एकोणचाळीस वर्षांची. त्याआधी बारा वर्षं मी शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका क्लिनिकमध्ये बसून सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि कामगारांच्या आजारपणाच्या रजेच्या चिठ्ठ्या लिहीत होते. नवरा म्हणाला, या वयात पुन्हा शिकणार, वेड लागलंय का? सासूबाईंनी पुण्याहून फोनवर तेच जरा गोड भाषेत विचारलं. मुलाखतीत सरांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि स्वतःचा हात पुढे केला. म्हणाले, "नाडी बघ आणि सांग, मी सकाळपासून काय खाल्लंय?" मी म्हटलं, "नाडीवरून ते कळत नाही सर, कुणी सांगत असेल तर तो थापाड्या." मोठ्यांदा हसले आणि मला घेतलं.

आणि तरीही पहिल्याच वर्षी मी घोळ घातला. एका गॅरेजमधला वेल्डर आला होता, चाळिशीचा. खांद्यांच्या मधोमध पाठ दुखतेय म्हणत होता. सकाळी त्यानं इंजिन उचललं होतं. मी मॉनिटर बघितला, ईसीजी बघितला, सगळं सरळ होतं. दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. सर मागून आले. मॉनिटर भिंतीकडे फिरवला, ही त्यांची नेहमीची खोड होती. मग त्या वेल्डरशेजारी स्टूलवर बसले आणि त्याची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात घेतली. पूर्ण एक मिनिट तशीच धरून ठेवली. मग मला म्हणाले, "इकडे ये, धर." माझे हात बर्फासारखे होते, आमच्या विभागातला एसी म्हणजे एक शिक्षाच आहे. त्यांनी आपला करकचा कप माझ्या हातात दिला. "आधी हात गरम कर. थंड हात लागला की माणूस आक्रसून जातो, मग तो हाताला काय सांगणार?" मी कप धरला, मग मनगटं धरली. उजव्या हाताची नाडी भरलेली होती आणि डावी अगदी बारीक, पळून चालल्यासारखी. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली की कधी कधी असं होतं. ईसीजी फसवतो. तो वेल्डर अर्ध्या तासात ऑपरेशनला गेला आणि वाचला. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्यामुळे मी आठवडाभर नीट जेवले नाही. तेव्हापासून पाठ दुखतेय म्हणणाऱ्या प्रत्येकाची दोन्ही मनगटं मी धरते. म्हणजे, धरते असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

तो करक सर कधी प्यायचे नाहीत, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. मधुमेह होता, आणि त्या चहात दूध, साखर, वेलची मिळून मिठाईच असते. तो चहा फक्त हातांसाठी असायचा. राउंड सुरू करताना कप घ्यायचे, निवला की बेसिनमध्ये ओतायचे, पुन्हा नवीन. कॅफेटेरियावाला म्हणायचा, "हबीबी, एवढा चहा तर बेसिनसुद्धा पीत नाही." आणि दर बुधवारी दुपारी त्यांचा वर्ग असायचा. त्यात पुस्तक नसे, पडदा नसे. सर शर्ट काढून तपासणीच्या टेबलावर पालथे झोपायचे आणि आम्ही बाराजण एकेक करून त्यांची पाठ वाचायचो. कुठली बरगडी वर आहे, कुठला स्नायू आखडलाय, श्वासाबरोबर काय हलतं, सगळं बोटांनी. "माझी पाठ हे तुमचं पुस्तक, दुमडून ठेवू नका," म्हणायचे. चौथ्या-पाचव्या डॉक्टरपर्यंत सर घोरायला लागायचे. आम्ही एकमेकांना खुणा करून हसायचो, परीक्षक झोपला म्हणून वाटेल ती उत्तरं द्यायचो, आणि मग उशीत तोंड घातलेल्या अवस्थेतच आवाज यायचा, "चूक. परत बघ."

शनिवारी त्यांचा आणखी एक कार्यक्रम असायचा. औद्योगिक भागात माझ्या जुन्या क्लिनिकच्याच गल्लीत नजीरभाईंचं छोटं सलून आहे, बहुतेक गिऱ्हाईक गॅरेजमधलं. सर टॅक्सी करून दर शनिवारी तिथे जायचे. आता, सरांच्या डोक्यावर कानांच्या वर चार केस होते, ते मोजून. गणपतीत ते आमच्याकडे जेवायला आले, साखर विसरून दोन मोदक खाल्ले आणि बोलता बोलता या सलूनचा विषय निघाला. माझा मुलगा आरव तेव्हा नऊ वर्षांचा, त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "बट आई, ही हॅज नो हेअर!" माझा नवरा ताटात बघायला लागला. सर आरवला अगदी गंभीरपणे म्हणाले, "दॅट इज व्हाय इट टेक्स सो लाँग, बेटा. ही हॅज टू फाइंड देम फर्स्ट." पुढे वर्षानुवर्षं त्यावरून आम्ही सरांना छळलं. सलूनचे पैसे वाया, नजीरभाई तुम्हाला लुटतोय, काय नि काय. ते कधी काही खुलासा करायचे नाहीत.

आता तो गुरुवार. मी पाच वर्षांपासून कन्सल्टंट आहे, माझ्या हाताखाली रेसिडेंट आहेत. सर निम्मे निवृत्त झाले होते, बुधवार सोडला तर सकाळचं शिकवून घरी जायचे. त्या दिवशी दुपारी दोनला ते परत आले. एमिरेट्स रोडवर दोन गाड्या धडकल्या होत्या, सगळे बेड भरलेले, मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. सर माझ्या डेस्कपाशी आले, हातात कप. म्हणाले, "बाय, पाठ भरून आलीय, खांद्यांच्या मधे. जरा हात लावून बघ." आणि मी चिडले. कारण त्याच्या महिनाभर आधी त्यांनी असंच पोट धरून नाटक केलं होतं आणि तीन ज्युनिअर पोरांसमोर माझी परीक्षा घेतली होती, आणि मी नापास झाले होते. मला वाटलं, पुन्हा तेच. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, अजून किती परीक्षा द्यायच्या? "सर, आज परीक्षा नको हं," असं म्हणत मी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. नर्सकडून ईसीजी काढून घेतला, रक्त पाठवलं, दोन तासांनी पुन्हा पाठवलं. रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर आले, ते मी डेस्कवरूनच बघितले. सगळे नॉर्मल. मी लांबूनच ओरडले, "यल्ला, चला सर, सगळं क्लीन! घरी जा, आराम करा." ते उठून आले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, "आणि हातानं काय सांगितलं?"

मी म्हटलं, "हाताला आज वेळ नाही, सर."

ते हसले. खरंच हसले, मला ते हसू नीट आठवतंय, त्यात टोमणा नव्हता. हातातला कप माझ्या डेस्कवर ठेवला. मधल्या दोन तासांत त्यांनी खाली जाऊन तो नवा आणला असणार. "गरम आहे अजून," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. तो चहा मी प्यायले. गोड होता, मला बरं वाटलं, आणि मी पुढचा पेशंट बघायला गेले.

मधे शुक्रवार ते रविवार इथली सुट्टी होती, सोमवारी ते गेलेले सापडले. खिडकीजवळच्या खुर्चीत होते, पाय समोरच्या मोड्यावर. पोलीस आले, त्यांचे डॉक्टर आले, कागदावर नैसर्गिक मृत्यू, हृदयक्रिया बंद, असं लिहिलं गेलं. चीरफाड झाली नाही. म्हणजे आत काय झालं होतं ते मला कधीच कळणार नाही. कदाचित त्या गुरुवारच्या पाठदुखीचा आणि सोमवारचा काही संबंध नसेल. कदाचित दोन्ही मनगटं धरली असती तरी सारखीच लागली असती. हे मी स्वतःला रोज सांगते. पण मी ती धरली नाहीत. वेल्डरची धरायला ज्यांनी शिकवलं त्यांचीच धरली नाहीत.

लीनाला फोन मीच केला. असा फोन कसा करायचा तेही सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. आमचे निम्मे पेशंट एकटे कामगार असतात, त्यांची माणसं फोनच्या पलीकडे कुठे पेशावरला, कुठे गोरखपूरला, कुठे मनिलाला. सर सांगायचे, आधी खुर्चीत बस. आपलं नाव सांग. 'गेले' हा शब्द स्पष्ट उच्चार, आडवळण घेऊ नकोस. आणि मग गप्प राहा, त्या माणसाला त्याचा वेळ दे. मी खुर्चीत बसले, नाव सांगितलं, तो शब्द उच्चारला आणि गप्प राहिले. मग तिनं विचारलं, "वॉज एनीवन विथ हिम?" मी म्हटलं, "नो." याचं काय करायचं ते सरांनी शिकवलं नव्हतं.

शवागारात ओळख पटवायला मला बोलावलं. मी सवयीनं खालून करक घेतला आणि दोन्ही हातांत धरून तिथल्या दारापर्यंत गेले. पहारेकरी म्हणाला, चहा आत चालणार नाही. मी कप त्याच्याच हातात दिला. आत सरांना बाहेर काढून ठेवलं होतं. सही करायचा कागद पुढे आला, तो मी बाजूला ठेवला आणि सरांची दोन्ही मनगटं धरली. माझे हात गरम होते. तिथला माणूस घड्याळ बघत होता, त्यानं दोनदा खोकून बघितलं. मी पूर्ण एक मिनिट मोजलं. मग सही केली.

लीना आली, तीन दिवस राहिली. आईवडिलांच्या शेजारी वसईला पुरायचं असं सर कधीतरी तिला बोलले होते. त्याचे सगळे कागद आम्ही दोघींनी मिळून केले. मेलेल्या माणसाचा व्हिसासुद्धा रद्द करावा लागतो, त्यासाठी रांग असते, टोकन असतं. शेवटच्या दिवशी त्यांच्या फ्लॅटमध्ये सामान बांधताना मी तिला गुरुवारचं सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तिनं ऐकून घेतलं, मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचे दोन कप धुतले, पुसले, पुन्हा धुतले. बाहेर येऊन म्हणाली, "एव्हरी संडे ही यूज्ड टू आस्क मी, कधी येतेस? आय केप्ट सेइंग ख्रिसमस." वाक्यातले तेवढे दोन शब्द मराठीत. मग आम्ही पुस्तकांची खोकी चिकटपट्टीनं बंद केली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या शनिवारी माझी गाडी दुरुस्तीला टाकायला मी त्या गल्लीत गेले होते. नजीरभाईंच्या दारात उभी राहिले. बायकांनी आत जायचं ते ठिकाण नव्हे. मी सरांची विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर ते हातातला कंगवा ठेवून बाहेरच आले. "डॉक्टरसाब महिने से आए नहीं. सब खैरियत?" मी सांगितलं. ते पायरीवर बसले. थोड्या वेळानं मी विचारलं, इतकी वर्षं टिंगल केली होती त्याचं उत्तर मला हवं होतं, "भाईसाब, बाल तो थे नहीं. वो करवाते क्या थे?" नजीरभाईंनी माझ्याकडे जरा रागानंच बघितलं. "बस, सर पे हाथ फिरवाते थे. आधा घंटा. आँख बंद करके बैठते थे, कभी रो भी लेते थे. एक बार बोले, नजीर, मैं पूरा दिन लोगों को हाथ लगाता हूँ, मुझे हफ्ते में एक तू लगाता है." मग म्हणाले, "और बोले, बुध को बच्चे लगाते हैं."

गाडी तशीच गॅरेजमध्ये टाकून मी टॅक्सीत बसले. बुधवारी टेबलावर घोरणाऱ्या त्या माणसाला आम्ही खुणा करून हसत होतो. आम्ही बाराजण डॉक्टर, हातानं माणूस वाचायला शिकत होतो, आणि समोरची पाठ काय सांगतेय ते एकालाही कळलं नाही. गुरुवारी त्यांची पाठ दुखत असेल, किंवा नसेलही. मला आता असंही वाटतं की त्यांना रिपोर्टची गरजच नसेल. 'जरा हात लावून बघ' असं त्यांनी म्हटलं होतं. इतकं साधं मागितलं होतं त्यांनी, आणि मी नर्सला पाठवलं.

बुधवारचा वर्ग आता माझ्याकडे आला आहे. परवा पहिला होता. मी काही टेबलावर पालथी झोपू शकत नाही, म्हणून स्टूलवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. सुरुवातीला माझी गुरुवारची चूक सांगितली, सगळी. मग अमीना नावाची सुदानी मुलगी, या वर्षीच आलेली, पुढे आली. तिची बोटं बर्फासारखी होती. मी माझ्या हातातला करकचा कप तिला दिला. "आधी हात गरम कर," म्हटलं. तिनं कप धरला, ठेवला, आणि माझी दोन्ही मनगटं हातात घेतली. मान खाली, ओठ हलतायत, मोजतेय. या पाच आठवड्यांत घरी आरवनं दारातून बाय केलं असेल, नवऱ्यानं रिमोट हातात दिला असेल. कुणीतरी एवढा वेळ आपले हात धरून बसलंय, असं माझ्या बाबतीत किती दिवसांत झालं नव्हतं ते तेव्हा कळलं. मिनिट संपलं. अमीना म्हणाली, "बोथ सेम, डॉक्टर. नॉर्मल." तिचं उत्तर अगदी बरोबर होतं.

ती हात सोडायला लागली तेव्हा मी म्हटलं, "परत बघ."